टीबी बरा झाला, पुढचं कोण बघणार?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री
आणि सार्वजनिक आरोग्य विभागातील संबंधित अधिकारी,
महाराष्ट्र शासन

स.न.वि.वि.

दक्षिण कोकणात खाडीकाठच्या एका गावी माझं औषधांचं दुकान आहे. माझ्या थोरल्या भावाच्या फुफ्फुसात बुरशीचा आजार आहे. त्यावरचं औषध सरकारी रुग्णालयातून मिळावं म्हणून आम्ही रीतसर अर्ज केला होता. उत्तर दोन ओळींचं आलं : सदर औषध खरेदी यादीत नाही, रुग्णाने बाहेरून घ्यावे. कागदावर सही आहे, शिक्का आहे, जावक क्रमांक आहे. पण बाहेरून किती महिने घ्यावे, कशाच्या जोरावर घ्यावे आणि घेणं झेपलं नाही तर काय करावे, याबद्दल त्यात एक शब्द नाही. बंद पाकिटातला अर्ज करून झाला, म्हणून आता उघड लिहितो आहे. माझ्या दुकानात येणाऱ्या चिठ्ठ्या बघतो तेव्हा हा प्रश्न एकट्या आमच्या घरचा नाही एवढं मला नक्की कळतं.

दादा शाळा संपल्यावर इथल्या बहुतेक मुलांसारखा मुंबईला गेला. भांडुपला चाळीतल्या एका खोलीत गाववाल्यांबरोबर राहायचा, टेम्पो चालवायचा. तिथे त्याला टीबी झाला. सहा महिन्यांचा कोर्स त्याने नेमाने पुरा केला, थुंकी निगेटिव्ह आली, कार्डावर बरा झाल्याचा शेरा पडला. मग तो गावी आला आणि वडिलांनी लावलेली हापूसची कलमं बघू लागला. काही वर्षं चांगली गेली. पुढे खोकला लागला, अंगावरचे कपडे सैल झाले, बागेची घाटी चढताना तो मध्येच बसायला लागला. एका सकाळी तोंड धुताना मोरीत रक्त पडलं. थुंकीत मिसळलेलं नाही, नुसतं लालभडक रक्त. त्याने मला हाक मारली आणि एवढंच विचारलं, "माका परत तोच रोग झालो काय रे?"

तो रोग नव्हता. पण हे कळायला फार काळ गेला, आणि तो काळ गेला हीच माझी तक्रार आहे.

ज्यांना हा आजार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी सगळीकडे असते. भिजलेला पेंढा, कुजलेला पालापाचोळा, शेणखत, पावसाळ्यात ओल धरलेली भिंत, बंद पडवीत रचलेली पोती. तिचे बीजाणू आपण सगळेच रोज श्वासातून घेतो आणि धडधाकट फुफ्फुस ते बाहेर टाकतं. पण टीबी बरा होताना फुफ्फुसात पोकळी राहिली असेल, तर तिथे ही बुरशी मुक्काम ठोकते. कधी तिचा गोळा होतो, कधी ती आजूबाजूचं फुफ्फुस हळूहळू खात जाते. खोकला, वजन घटणं, थकवा, थुंकीतून रक्त, सगळी लक्षणं टीबीचीच. डॉक्टर याला क्रॉनिक पल्मनरी अ‍ॅस्परजिलोसिस म्हणतात. हा आजार एकाकडून दुसऱ्याला होत नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण आमच्या वाडीत दादाच्या हातचा चहा नको म्हणणारी माणसं अजून आहेत.

हा आजार दुर्मीळ आहे, असं मला प्रत्येक टेबलावर ऐकवलं गेलं. 2014 मध्ये चंदीगडच्या पीजीआय संस्थेतल्या डॉक्टरांनी टीबीच्या आकडेवारीवरून हिशेब मांडला, तेव्हा भारतात या आजाराचे सुमारे 2 लाख 90 हजार रुग्ण असावेत असा अंदाज निघाला. जिथे तपासणीच होत नाही तिथे कुठलाही आजार दुर्मीळच दिसणार. कोकणातून मुंबईला जाऊन टीबी घेऊन परतलेल्या चाकरमान्यांची घरं मोजायला बसलं, तर एकही वाडी सुटणार नाही. त्यातल्या किती जणांच्या छातीत पोकळी आहे, हे कोणी पाहिलं आहे का?

आता तक्रारी एकेक करून मांडतो.

पहिली. टीबीचा उपचार संपल्यावर रुग्णाला 6, 12, 18 आणि 24 महिन्यांनी बोलावून तपासावं, असं राष्ट्रीय टीबी कार्यक्रमाच्या स्वतःच्याच मार्गदर्शक सूचनांत आहे. दादाला कोणीही बोलावलं नाही. तो मुंबईहून गावी आला आणि मधल्या मध्ये हरवला. खरं तर निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी संगणकीय नोंद प्रणालीत प्रत्येक रुग्णाला क्रमांक मिळतो. माणूस कुठेही गेला तरी तो शोधता यावा, हाच त्या क्रमांकाचा उपयोग ना? उपचार संपताना छातीचा एक एक्स-रे काढून पोकळी उरली आहे का एवढं कार्डावर लिहिलं असतं, तरी पुढच्या डॉक्टरला दिशा मिळाली असती. इथे पंचायती टीबीमुक्त जाहीर होतात, सत्कार होतात. त्या कामाबद्दल मला आदर आहे. आमच्या गावच्या आशाताईंनी उन्हातान्हात थुंकीचे डबे पोचवलेले मी पाहिले आहेत. पण गावाच्या पाटीवर टीबीमुक्त लिहिताना ज्यांची फुफ्फुसं टीबीने आधीच पोखरली आहेत, ती माणसं कुठल्या रकान्यात बसतात?

दुसरी तक्रार मला सर्वांत जास्त जाळते. रक्त पडल्यावर दादाला एका रुग्णालयात नेलं. जुना टीबी ऐकला, एक्स-रे पाहिला, आणि टीबीची औषधं पुन्हा सुरू झाली. थुंकीत जंतू सापडले नव्हते. नव्या यंत्रावर तपासणी केली तरी, आधी टीबी होऊन गेलेल्या माणसाच्या थुंकीत मेलेल्या जंतूंचा अंश कधीकधी पॉझिटिव्ह दाखवतो, म्हणून अशा रुग्णात निकाल जपून वाचायचा असतो. इथे तर निकालच निगेटिव्ह होता. तरी महिन्यामागून महिने औषधं चालली. खोकला थांबला नाही, लघवी मात्र केशरी झाली. पुढे छातीच्या डॉक्टरांनी बुरशीची शंका घेऊन इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध लिहिलं, तेव्हाही टीबीच्या गोळ्या चालूच होत्या. त्या गोळ्यांतलं रिफाम्पिसिन इट्राकोनॅझोलचं रक्तातलं प्रमाण इतकं खाली आणतं की ते घेतल्यासारखं राहत नाही. ती चिठ्ठी माझ्याच दुकानात आली म्हणून मी लगेच फोन केला, डॉक्टरांनीही त्याच दिवशी बदल केला. ज्याच्या घरात औषधवाला नाही, त्याच्यासाठी हा फोन कोण करणार?

तिसरी, तपासण्यांची. या आजारासाठी छातीचा सीटी स्कॅन लागतो आणि रक्तात या बुरशीविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिनं, म्हणजे आयजीजी प्रतिपिंडं, आहेत का ते पाहावं लागतं. थुंकीची बुरशीसाठी वेगळी तपासणी करावी लागते. आमचं रक्त खासगी लॅबच्या मुलाने घेतलं आणि ते बर्फात घालून मोठ्या शहरात गेलं. अहवालाची वाट पाहण्यात दिवस गेले आणि पैसे आमच्या खिशातून गेले. सीटीसाठी घाट चढून कोल्हापूरला जावं लागलं. पावसात त्याच घाटात दरड येते, तेव्हा रक्त ओकणाऱ्या माणसाला घेऊन कुठे जायचं, हे मुंबईत बसून कळायचं नाही. सिंधुदुर्गात 2021 पासून आणि रत्नागिरीत 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू आहेत. त्याचा आम्हाला आनंद आहे, आणि म्हणूनच अपेक्षाही तिथेच आहे.

चौथी, औषधाची. यावर मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण माझं आयुष्य औषधं विकण्यात गेलं.

इट्राकोनॅझोल हे नाव इथल्या लोकांना परकं नाही. आमच्या दमट हवेत गजकर्ण आणि खाज घराघरात असते, त्यामुळे ही कॅप्सूल त्यासाठी सर्रास जाते, आणि लोक तिला खाजेची गोळी म्हणूनच ओळखतात. फुफ्फुसाच्या आजारात मात्र ती साधारणपणे 200 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि महिनोन्महिने घ्यावी लागते. किती महिने? पूर्वी किमान सहा म्हणत. चंदीगडच्या त्याच संस्थेत 164 रुग्णांवर अभ्यास झाला आणि तो 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिने औषध घेतलेल्यांपैकी 38 टक्क्यांचा आजार दोन वर्षांत उलटला. बारा महिने घेतलेल्यांत हे प्रमाण 10 टक्के होतं. हा अभ्यास परदेशातला नाही, आपल्याच देशातल्या आणि आपल्यासारख्याच रुग्णांवरचा आहे. म्हणजे वर्षभर औषध हवं, हे आपल्याला माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये इट्राकोनॅझोल आणि त्याच्याच घराण्यातलं व्होरिकोनॅझोल दोन्ही आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. 2022 मध्ये आपल्या राष्ट्रीय आवश्यक औषध यादीतही इट्राकोनॅझोल आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्वांत धोकादायक बुरशींची यादी काढली, तेव्हा अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस तिच्या पहिल्या गटात होती. इतकं सगळं होऊन मला मिळालेल्या कागदावर काय आहे, तर औषध खरेदी यादीत नाही.

रुग्णालयात फ्लुकोनॅझोल होतं आणि तेच न्या असं आम्हाला सुचवलंही गेलं. फ्लुकोनॅझोल या बुरशीवर चालत नाही. बुरशीचं औषध म्हणजे कुठलंही बुरशीचं औषध नव्हे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड आमच्याकडे आहे. पण ती योजना मुळात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. दादाला खाट नको, घरी राहून वर्षभर गोळ्या हव्यात. रक्त थांबेनासं होऊन तो दाखल झाला तर कार्ड चालेल, आणि रक्त पडू नये म्हणून लागणाऱ्या गोळ्यांना चालणार नाही, यात मला कसलाही हिशेब दिसत नाही. टीबी होता तोवर औषध फुकट होतं. आता तर नोव्हेंबर 2024 पासून टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी महिना 1000 रुपये मिळतात. टीबी गेला आणि टीबीनेच केलेल्या जखमेत बुरशी शिरली, की तोच माणूस शासनाच्या लेखी एकदम पैसेवाला होतो काय? आमच्या घरी एका महिन्याच्या गोळ्या आणि तपासण्यांना किराण्याच्या बिलाहून जास्त पैसे लागत. आंब्याचा हंगाम बुडाला त्या वर्षी दादाने मला न सांगता गोळ्या अर्ध्यावर आणल्या आणि मग बंद केल्या. माझ्याकडून फुकट घ्यायला त्याला लाज वाटली. काही महिन्यांत रक्त पुन्हा सुरू झालं.

पाचवी. हे औषध देऊन हात झटकता येत नाहीत. साधी इट्राकोनॅझोल कॅप्सूल पोटात आम्ल असेल तरच नीट विरघळते, म्हणून ती भरल्या पोटी घ्यायची असते. आणि आमच्याकडे प्रत्येक चिठ्ठीत सवयीने पॅन्टोप्राझोल असतं, जे पोटातलं आम्लच कमी करतं. दोन्ही एकाच चिठ्ठीवर मी कितीतरी वेळा पाहिली आहेत. रुग्ण बिचारा दोन्ही इमानाने घेतो आणि औषध लागू पडत नाही म्हणून निराश होतो. कॅप्सूल उघडून पाहिली तर आत खसखशीएवढे मणी दिसतात. औषध शरीरात किती उतरणार ते या मण्यांच्या दर्जावर ठरतं, आणि सगळ्या कंपन्यांचे मणी सारखे नसतात. म्हणून रक्तातलं औषधाचं प्रमाण मोजावं लागतं. यकृताच्या तपासण्या लागतात, हृदय दुबळं असलेल्यांना जपावं लागतं. दादाच्या पायांवर सूज आली तेव्हा डॉक्टरांनी औषध बदलून व्होरिकोनॅझोल दिलं. ते आणखी महाग. शिवाय त्याने कातडी उन्हाला नाजूक होते आणि फार काळ घेतल्यास त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. एप्रिल-मे महिन्यात आंबे उतरवायचा झेला घेऊन कलमाखाली उभा राहणारा बागायतदार ऊन कसं टाळणार? पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, सकाळच्या वेळेत काम, हे त्याला मी सांगितलं. हे सांगायला सरकारी व्यवस्थेत कोणी नव्हतं.

आणखी एक गोष्ट, जी आरोग्य खात्याने कृषी खात्याशी बोलल्याशिवाय सुटणार नाही. आंब्याच्या मोहोरावर भुरी रोग पडू नये म्हणून आम्ही हेक्झाकोनॅझोल हे बुरशीनाशक फवारतो. ती शिफारशीतली फवारणी आहे, बागायतदाराचा त्यात दोष नाही, आणि मोहोर गेला तर वर्ष जातं हे मी घरात पाहिलं आहे. पण हेक्झाकोनॅझोल आणि इट्राकोनॅझोल एकाच घराण्यातली औषधं आहेत, बुरशीवर दोन्ही एकाच जागी घाव घालतात. शेतातल्या फवारण्यांमुळे मातीतल्या अ‍ॅस्परजिलसला सवय झाली, की रुग्णाच्या छातीतली बुरशीही गोळ्यांना दाद देत नाही, हे नेदरलँड्समध्ये दिसलं. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी 2012 मध्ये भारतातल्या मातीतूनही अशी बुरशी मिळवून दाखवली. कोकणात एवढ्या बागा, एवढ्या फवारण्या. इथली माती आणि इथल्या रुग्णांची थुंकी तपासायला नको का?

हे सगळं अशक्य आहे, असं कृपया सांगू नका. 2021 च्या मे महिन्यात काळ्या बुरशीने लोक डोळे आणि जीव गमावत होते, तेव्हा याच राज्याने त्या आजाराची नोंद सक्तीची केली. त्यावरच्या अ‍ॅम्फोटेरिसिन इंजेक्शनांचं जिल्हावार वाटप झालं, उपचार जन आरोग्य योजनेत आले. जूनमध्ये जीएसटी परिषदेने त्या इंजेक्शनवरचा करही काढला. मी तेव्हा दुकानात बसून रोज त्याबद्दलची परिपत्रकं वाचत होतो. म्हणजे बुरशीच्या आजारासाठी यंत्रणा हलवता येते. दादासारख्यांचा आजार सावकाश मारतो, त्याची बातमी होत नाही, एवढाच फरक.

आमच्या मागण्या अशा.

टीबीचा उपचार पूर्ण करणाऱ्या प्रत्येक रुग्णाचा शेवटी एक्स-रे काढा, पोकळी असल्यास निक्षयमध्ये नोंदवा, आणि दोन वर्षांचा जो पाठपुरावा कागदावर आहे तो प्रत्यक्षात करा. जिल्हा बदललेल्या रुग्णाची नोंद त्याच्या नव्या जिल्ह्याकडे आपोआप जावी.

टीबी होऊन गेलेल्या माणसाला पुन्हा खोकला किंवा रक्त सुरू झालं आणि जंतू सापडले नाहीत, तर टीबीची औषधं नव्याने सुरू करण्याआधी बुरशीची तपासणी व्हावी, असं लेखी परिपत्रक काढा. रिफाम्पिसिन आणि या औषधांचं पटत नाही, ही सूचना त्यात ठळक असू द्या.

आयजीजीची रक्ततपासणी आणि बुरशीची थुंकी-तपासणी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मोफत करा. औषधाची रक्तातली पातळी मोजण्यासाठी निदान नमुने पाठवण्याची सरकारी सोय उभी करा.

इट्राकोनॅझोल आणि व्होरिकोनॅझोल जिल्हा पातळीवरच्या खरेदी यादीत घ्या. पात्र रुग्णाला डॉक्टर सांगतील तितके महिने, बाह्यरुग्ण म्हणून, पैसे न घेता द्या. टीबीची औषधं गावच्या आरोग्य केंद्रापर्यंत पोचतात, त्याच वाटेने हीसुद्धा पोचवता येतील. खरेदी करताना दर्जा तपासा. स्वस्त पण न विरघळणारी कॅप्सूल वर्षभर देऊन कोणाचंच भलं होणार नाही.

ज्यांना रक्ताच्या मोठ्या गुळण्या येतात, त्यांच्यासाठी रक्त गळणारी रक्तवाहिनी बंद करण्याची प्रक्रिया कुठल्या रुग्णालयात होते आणि तिथवर रुग्णवाहिका कोण देणार, हे प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या भिंतीवर लिहिलेलं असावं. अशा वेळी नातेवाईक फोनवर नंबर शोधत बसतात.

कृषी विभागाला सोबत घेऊन आंबा-काजूच्या बागांतल्या मातीची तपासणी सुरू करा, आणि निष्कर्ष आमच्यापर्यंत पोचवा. त्यातून फवारणीचं वेळापत्रक बदलायचं ठरलं, तर बागायतदाराला पर्यायी औषध आणि सल्ला दिल्याशिवाय बदलू नका.

दादाची सध्या दुसरी फेरी चालू आहे. या खेपेला त्याला बारा महिने पुरे करायचे आहेत आणि गोळ्यांची जबाबदारी मी घेतली आहे. माझं दुकान आहे म्हणून मी घेऊ शकलो. परवाच पलीकडच्या वाडीतली एक बाई तिच्या नवऱ्याची अशीच चिठ्ठी घेऊन आली. तिने किंमत विचारली, चिठ्ठी घडी करून पदराच्या गाठीत ठेवली, आणि आंबे विकले की येते म्हणाली. तिच्यासारख्यांना काय उत्तर द्यायचं, ते तुम्ही मला लेखी कळवा. माझं नाव, पत्ता आणि मूळ अर्जाची प्रत विभागाकडे आहे. तुमचं उत्तर जसं येईल तसं मी दुकानाच्या दर्शनी भागावर लावीन, म्हणजे इथे चिठ्ठी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला आपण कुठे जायचं ते कळेल.

आपला,
एक औषधविक्रेता आणि रुग्णाचा भाऊ
दक्षिण कोकण